विस्मृतीचा अपराध

गेल्या वैशाखांत आमच्या महाविद्यालयाच्या आवारांत एक लहानशी दुर्घटना घडली. वर्तमानपत्रांत तिची बातमी आली नाहीं, व येण्याचें कारणही नव्हतें. आमचे एक सहकारी, स्वभावानें इतके मृदु कीं वर्गांत शिरलेल्या चिमणीसही ते हांकलीत नाहींत, सकाळीं आपल्या कुत्र्यास पशुवैद्याकडे न्यावयाचें म्हणून मोटारीच्या मागच्या बाकावर बसवून घरून निघाले. परीक्षेच्या कामांत कांहीं घोटाळा झाल्याचा निरोप त्यांना वाटेंत मिळाला. मन त्या घोटाळ्यांत गुंतलें. आणि रोजच्या सवयीनें गाडी दवाखान्याकडे न वळतां महाविद्यालयाकडे वळली. मागें कुत्रा निजला होता. गाडी उभी करून व दारें लावून ते परीक्षेच्या खोलींत गेले. दुपारीं अडीच वाजतां बाहेर आल्यावर त्यांनीं जें पाहिलें, त्याचें वर्णन करण्याची येथें आवश्यकता नाहीं.

पुढील आठ दिवस अध्यापकांच्या खोलींत दुसरा विषय नव्हता. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, हा निव्वळ अपघात. ज्याचें दुःख त्यास पुरेसें आहे, त्यांत दोष कसला काढावयाचा? दुसरा पक्ष याहून कठोर होता. ज्यास आपलें जनावर आठवत नाहीं तो तें पाळण्यास अपात्र. यास क्रौर्य म्हणावयाचें नाहीं, तर क्रौर्य तरी कशास म्हणावयाचें? या वादांत भाग न घेणारा मनुष्य एकच होता, तो म्हणजे आमचा म्हातारा शिपाई. चहाचे पेले ठेवतां ठेवतां तो एवढेंच म्हणाला, "सर, सुटा असता तर सावलीला गेला असता."

हें वाक्य आमच्या मनांतून जाईना. इतिहास शिकविण्यांत आयुष्य गेल्यामुळें कोणताही वाद समोर आला कीं तो पूर्वीं कोणीं व कसा सोडविला हें पाहण्याची आम्हांस खोड लागली आहे. त्याप्रमाणें जुनीं पुस्तकें चाळतां असें दिसून आलें कीं, आमच्या खोलींतील दोन्ही पक्ष फार प्राचीन आहेत. आणि विचारी लोकांनीं त्या दोहोंच्या मधील एक तिसरी जागाही फार पूर्वींच शोधून ठेविली आहे. तिचा थोडासा इतिहास येथें वाचकांपुढें मांडण्याचा विचार आहे.

दोष हेतूंत असतो कीं परिणामांत, हा प्रश्न मोटारीहून पुष्कळच जुना. ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्राच्या पांचव्या खंडांत मनुष्याच्या हातून होणाऱ्या अपायांचे वर्ग पाडले आहेत. जें कोणाच्याही अपेक्षेबाहेर घडलें तो दुर्दैवाचा योग. जें अपेक्षेबाहेरचें नव्हतें, पण ज्याच्या मुळाशीं दुष्टावा नव्हता, ती चूक. आणि जाणूनबुजून केलें तें अन्यायाचें कृत्य. त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या खंडांत तो असेंही सांगतो कीं, जें अज्ञान केवळ बेपर्वाईमुळें उत्पन्न झालें त्याबद्दल शासन होतें, व तें योग्यच आहे. कारण काळजी घेणें हें त्या मनुष्याच्या हातीं होतें. म्हणजे अपघात व अपराध यांच्यामध्यें चुकीचा एक पट्टा आहे, आणि त्या पट्ट्यांत उभा राहणारा मनुष्य निर्दोष नसला तरी दुष्टही नसतो.

आमच्याकडील धर्मशास्त्रकारांनीं हाच प्रश्न अधिक घरगुती रीतीनें सोडविला, कारण त्यांच्या डोळ्यांपुढें गोठा होता. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत गुराखी व गुरांचा धनी यांच्यामधील तंट्यांचें प्रकरण आहे. दिवसा जनावराची जोखीम गुराख्यावर, व रात्रीं तें धन्याच्या घरीं परत आलें म्हणजे धन्यावर, हा त्यांतील आरंभींचा नियम. जनावर हरवलें, किड्यांनीं खाल्लें, कुत्र्यांनीं मारलें किंवा अवघड जागीं मेलें, आणि राखणाऱ्यानें करावयाचा प्रयत्न केला नव्हता, तर भरपाई गुराख्यानें करावी. परंतु शेळ्यामेंढ्या नीट एकत्र राखून रानांत चरत असतां लांडग्यानें एकाएकीं झडप घातली, तर गुराख्याकडे दोष नाहीं. येथें गुराख्याच्या मनांत काय होतें हें कोणी विचारीत नाहीं. विचारावयाचें तें एवढेंच कीं, पुरुषकार, म्हणजे मनुष्याच्या हातचा प्रयत्न, झाला होता कीं नव्हता? लांडगा निराळा व विस्मृति निराळी, हें स्मृतिकारास चांगलें ठाऊक होतें.

त्याच अध्यायांत वाहनांचेही नियम आहेत. वेसण तुटली, जूं मोडलें, आंस मोडला, अथवा सारथ्यानें बाजूला होण्याविषयीं ओरडून सांगितलें होतें, अशा दहा प्रसंगीं दंड नाहीं. सारथ्याच्या अडाणीपणानें गाडी भलतीकडे जाऊन हानि झाली तर मात्र दंड धन्यास. इतकेंच नव्हे, तर अशा अडाणी सारथ्याच्या गाडींत बसलेल्या प्रत्येकासही शंभर पण दंड सांगितला आहे. वाहनानें जनावर मेल्यास दंड जनावराच्या मोलाप्रमाणें उतरत जातो. गाढव, शेळी व मेंढी यांबद्दल पांच माष. कुत्रा व डुक्कर यांबद्दल एक माष. कुत्र्याचें मोल सर्वांत कमी खरें; परंतु तें शून्य नाहीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

याहूनही आमच्या प्रश्नाच्या जवळ जाणारें विवेचन पराशरस्मृतींत सांपडतें. गाईच्या मरणास मनुष्य चार प्रकारांनीं कारण होऊं शकतो, असें पराशर मानतो. पहिला प्रकार रोध, म्हणजे कोंडणें. दुसरा बंधन, म्हणजे बांधणें. तिसरा योक्त्र, म्हणजे जुंपणें. आणि चौथा निपातन, म्हणजे प्रहार करणें. प्रहारानें गाय मेली तर संपूर्ण प्रायश्चित्त. जुंपल्यामुळें मेली तर पाऊण. बांधल्यामुळें मेली तर अर्धें. आणि कोंडल्यामुळें मेली तर एक चतुर्थांश. औषधोपचार करीत असतां ती दगावली तर दोष नाहीं. हा नियम गाईपुरताच होता, कुत्र्याच्या वांट्यास तो आला नाहीं, हें खरें. पण त्यामागील विचार कोणत्याही मुक्या प्राण्यास लागू पडणारा आहे. गोठ्याचें दार लावणाऱ्या मनुष्याच्या मनांत हिंसा नसते. किंबहुना बहुधा तें दार तो गाईच्या रक्षणासाठींच लावतो. मग त्याजकडे पावकी तरी दोष कां यावा? आमच्या मते याचें उत्तर आमच्या शिपायाच्या वाक्यांत आहे. मोकळें जनावर ऊन लागल्यास सावलीला जातें, तहान लागल्यास पाण्याकडे जातें, आग दिसल्यास पळतें. दार लावणारा त्याची ही स्वतःची राखण काढून घेतो, आणि ती काढून घेतांच तिची जबाबदारी त्याच्या शिरावर येते. कडी घालणारा हात हा नुसता हात राहत नाहीं. त्या प्राण्याचें पाणी, सावली व वारा हीं सर्व त्या हातांत आलेलीं असतात. तीं विसरणें हें मारणें नव्हे. परंतु तें कांहींच नव्हे, असेंही नाहीं.

आतां पाश्चात्य कायद्याकडे वळूं, कारण आजचा आपला कायदा त्याच वाटेनें आला आहे. इंग्लंडांत १८०९ सालीं लॉर्ड अर्स्किन यानें जनावरांवरील क्रौर्याविरुद्ध जें विधेयक आणलें, तें बुद्धिपुरस्सर व दुष्टपणें केलेल्या छळापुरतें होतें. उमरावांच्या सभेनें तें मान्य केलें, पण लोकप्रतिनिधींच्या सभेंत तें टिकलें नाहीं. १८२२ सालीं रिचर्ड मार्टिन याच्या प्रयत्नानें पहिला कायदा झाला. त्यांत घोडे, बैल, गाई, मेंढ्या अशीं उपयोगी जनावरें होतीं; कुत्र्याचें नांव नव्हतें. तें १८३५ च्या कायद्यांत आलें. या सर्व कायद्यांचा रोख मारणें, छळणें, प्रमाणाबाहेर पिटाळणें अशा कृत्यांवर होता. रस्त्यांत घोड्यास चाबकानें फोडून काढणारा गाडीवान हा त्या काळच्या सुधारकांपुढील अपराध्याचा नमुना होता, आणि त्यास ओळखण्यास फारशी बुद्धि लागत नसे.

परंतु घोडा चाबकानें मरतो तसाच विसरल्यानेंही मरतो, ही गोष्ट कायद्यास हळूहळू कळूं लागली. १९११ च्या इंग्लंडांतील प्राणिसंरक्षणाच्या कायद्यांत कृतीबरोबर अकृतीही आली: अवास्तवपणें एखादी गोष्ट करून, अथवा करावयाची ती न करून, प्राण्यास विनाकारण यातना होऊं देणें हा अपराध ठरला, आणि मालकानें वाजवी काळजी व देखरेख ठेविली नाहीं तर त्यानें क्रौर्य होऊं दिलें असें समजावें, अशी तरतूद झाली. याच ठिकाणीं कायद्यानें एक नाजूक मर्यादाही घातली. केवळ काळजी न घेतल्याच्या कारणानें दोषी ठरलेल्या मालकास दंडाचा पर्याय ठेवल्याशिवाय कैद देतां येणार नाहीं. पराशरानें ज्या ठिकाणीं चतुर्थांश लिहिला, त्याच ठिकाणीं वेस्टमिन्स्टरच्या कायदेकारांनीं ही मर्यादा लिहिली, असें म्हणावयास हरकत नाहीं. दोघांनीं एकमेकांचें नांवही ऐकलें नव्हतें.

आपल्या देशांत १८६१ सालीं कलकत्त्यास व १८७४ सालीं मुंबईस प्राण्यांवरील क्रौर्य थांबविण्यासाठीं संस्था निघाल्या. १८९० सालीं संबंध ब्रिटिश हिंदुस्थानासाठीं कायदा झाला. आणि स्वातंत्र्यानंतर १९६० चा कायदा आला. या शेवटच्या कायद्याच्या तिसऱ्या कलमानें जनावर ज्याच्या ताब्यांत असेल त्यावर त्याच्या सुखरूपतेचें कर्तव्य घातलें. अकराव्या कलमांत वाजवी काळजी न घेणारा मालक अपराधी मानला. आणि १९११ ची ती कैदेविषयींची मर्यादाही जवळजवळ जशीच्या तशी उचलली. पहिल्या अपराधास दंड ठरला तो दहा ते पन्नास रुपये. एक माष व पन्नास रुपये यांमधील अंतर मोजीत बसण्यांत अर्थ नाहीं; दोन्ही रकमा जीवाची किंमत नव्हेत, दोषाची खूण होत. इंग्लंडांत पुढें २००६ च्या कायद्यानें प्रश्न आणखी स्पष्ट केला: यातना होतील हें त्या मनुष्यास ठाऊक होतें काय, किंवा वाजवी विचारानें ठाऊक असावयास पाहिजे होतें काय?

या नव्या प्रश्नाची कसोटी मोटारीनें घेतली. आरंभींच्या बहुतेक मोटारी उघड्या असत. अमेरिकेंत १९१९ सालीं बंद मोटारींचें प्रमाण सुमारें दहांत एक होतें. १९२७ सालीं तें शंभरांत पंचाऐशींवर गेलें. म्हणजे आठ वर्षांत गाडीची कांचेची पेटी झाली. अशा पेटींत काय होतें हें विज्ञानास त्यापूर्वीं दीडशें वर्षें ठाऊक होतें. जिनीव्हाचा ओरास द सोस्यूर यानें १७६७ सालीं कांचेच्या पेट्या एकांत एक बसवून उन्हांत ठेविल्या, आणि आंतील उष्णता ऐंशीं अंश सेल्सिअसच्या पलीकडे गेलेली पाहिली. पुढें लांकडी पेटीवर कांचा बसवून त्यानें पाणी उकळण्याची मर्यादाही ओलांडली. तीच पेटी तो थंड पर्वतशिखरावर घेऊन गेला, व बाहेरची हवा गार असूनही आंतील उष्णता जवळजवळ तितकीच भरल्याचें त्यानें दाखविलें. आज ऊन कांहीं फारसें नाहीं, ही समजूत किती फसवी आहे हें या एका प्रयोगावरून कळतें. २००५ सालीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनीं उभ्या मोटारी मोजून हीच गोष्ट पुनः सिद्ध केली. बाहेरची हवा बावीस अंशांची असो वा छत्तीस अंशांची, तासाभरांत आंतील उष्णता सरासरीनें बावीस अंश वाढली. त्यांतील पांचांत चार हिस्से वाढ पहिल्या अर्ध्या तासांतच झाली. आणि कांच बोटभर खालीं ठेवल्यानें विशेष फरक पडला नाहीं. मनुष्य सर्वांगानें घाम गाळून थंड होतो. कुत्र्यास घाम येतो तो पंजांच्या तळव्यांस. बाकी त्याचा सारा भरंवसा धापेवर. भोंवतालची हवाच तापली म्हणजे त्या धापेचा उपयोग राहत नाहीं.

तेव्हां ठाऊक असावयास पाहिजे होतें काय, याचें उत्तर उष्णतेपुरतें तरी सोपें आहे. अवघड भाग पुढेंच आहे. उन्हांत गाडी तापते हें ज्यास पक्कें ठाऊक आहे, तोच मनुष्य आंत प्राणी आहे हेंच विसरला तर? २००९ च्या जून महिन्यांत इंग्लंडांतील नॉटिंगहॅमशायर परगण्यांत पोलिसांचे दोन कुत्रे अशाच बंद गाडींत उष्म्यानें मेले. ज्याच्या ताब्यांत ते होते तो पोलीस अनोळखी किंवा अशिक्षित नव्हता. कुत्रे सांभाळणें हेंच त्याचें काम होतें. त्याजवर खटला झाला, तो दुष्ट हेतूचा नव्हे, राखणदारीचा. पुढील वर्षीं न्यायालयानें त्यास दोषी ठरविलें, आणि तुरुंगांत न पाठवितां सशर्त सोडून दिलें. पुष्कळांस हा निकाल विसंगत वाटला. एकांस वाटलें, दोषी आहे तर शिक्षा कां नाहीं. दुसऱ्यांस वाटलें, शिक्षा करावयाची नाहीं तर दोषी कां? आमच्या मते त्यांत विसंगति मुळींच नाहीं. तो पावकीचा निकाल होता.

विस्मृति म्हणजे प्रेमाचा अभाव, असें जें दुसरा पक्ष गृहीत धरतो, तेंही इतिहासास धरून नाहीं. विल्यम जेम्स यानें १८९० सालीं आपल्या मानसशास्त्राच्या ग्रंथांत सवयीचें प्रकरण लिहिलें. जेवणास जाण्यासाठीं पोषाख बदलावयास खोलींत गेलेले विसराळू लोक सवयीनें एकामागून एक कपडे उतरवीत शेवटीं अंथरुणांत शिरतात, असें तो तेथें सांगतो. आपण त्यावर हंसतों. पण त्याच सवयीनें मोटार रोजच्या वाटेनें जाते, आणि मागच्या बाकावरील जीव मनांतून गळून पडतो, तेव्हां हंसणें बंद होतें. अमेरिकेंत हें कुत्र्यांपुरतें राहिलें नाहीं. १९९० नंतरच्या दशकांत समोरच्या हवेच्या पिशव्यांपासून जपण्यासाठीं लहान मुलांस मागच्या बाकावर बसविण्याची रीत पडली. मुलें अपघातांतून वांचलीं, परंतु बापाच्या दृष्टीआड झालीं. १९९८ पासून त्या देशांत तापलेल्या मोटारींत नऊशेंहून अधिक मुलें मेलीं, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक मुलांस सांभाळणारीं माणसें त्यांना विसरलीं होतीं. या सर्व आईबापांचें आपल्या लेंकरांवर प्रेम नव्हतें, असें म्हणण्यास कोणाची जीभ धजेल? आणि एका जिल्ह्यांतील वकील अशा बापावर खटला भरतो, तर शेजारच्या जिल्ह्यांतील वकील त्यास सोडून देतो, हेंही तेथें घडलें आहे. हेतूस पकडूं पाहणारा न्याय अशा जागीं चांचपडतो.

आमच्या मते दोन्ही पक्षांच्या चुकीचें मूळ एकच आहे. दोघेही दोषाचें माप मनांत शोधतात. एकास तेथें दुष्टावा सांपडत नाहीं, म्हणून तो दोषच नाहीं म्हणतो. दुसऱ्यास दोष उघड दिसतो, म्हणून तो दुष्टाव्याची कल्पना करतो. मनु, पराशर व १९११ चे कायदेकार यांनीं हें माप मनांत न शोधतां ताब्यांत शोधलें. तूं दुष्ट होतास काय, असें त्यांनीं विचारलें नाहीं. कडी कोणीं लावली होती, असें विचारलें. या प्रश्नाचें उत्तर देतां येतें, आणि तें देतांना मनुष्यास आपण राक्षस आहों असें कबूल करावें लागत नाहीं. आपल्या भाषेंत प्रमाद असा एक सुंदर शब्द आहे. आज तो आपण नुसत्या चुकीस लावतों. मूळ अर्थ अनवधान. बुद्धानें अखेरच्या क्षणीं शिष्यांस अप्रमादाचाच उपदेश केला, असें बौद्ध परंपरा सांगते. सावध राहणें हें ज्यांनीं धर्माचें सार मानलें, त्यांनीं असावधपणास दोष मानला असल्यास नवल नाहीं. पण त्या दोषावर दगड मारणारा जमाव त्यांनीं मानला नव्हता. जमावाच्या त्या रागांत आम्हांस एक भीतीही दिसते. विसरणारा मनुष्य निराळ्या जातीचा ठरला, म्हणजे आपण विसरणार नाहीं अशी आपली खात्री होते. ही खात्रीच सर्वांत धोक्याची. कारण ती बाळगणारा मागें वळून पाहत नाहीं.

येथें आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. त्या दिवशीं दुपारीं बाराच्या सुमारास आम्ही त्या गाडीवरून गेलों होतों. गाडी उन्हांत उभी आहे, कडुनिंबाची सावली चार हातांवर असून आमच्या स्नेह्यांस ती सुचली नाहीं, असा विचारही मनांत येऊन गेला. कांचा काळसर होत्या. आंत डोकावण्याचें कारण दिसलें नाहीं. अमेरिकेंतील टेनेसी संस्थानानें २०१५ सालीं, बंद गाडींतील जनावर वांचविण्यासाठीं कांच फोडणाऱ्या वाटसरूस कायद्याचें संरक्षण दिलें, व पुढें इतर संस्थानांनींही तसे कायदे केले. परंतु कांच फोडण्यापूर्वीं कांचेंतून पाहावें लागतें, आणि तें शिकविणारा कायदा अद्याप झालेला नाहीं. अडाणी सारथ्याच्या गाडींत बसलेल्या प्रत्येकास दंड सांगणारा मनु आम्हांस पूर्वीं विक्षिप्त वाटे. हल्लीं तसा वाटत नाहीं.

आमच्या सहकाऱ्यांनीं कोणतेंही निमित्त पुढें केलें नाहीं. दोन्ही पक्ष त्यांना भेटून आले. एकानें दोष नाहीं म्हणून धीर दिला, दुसऱ्यानें बोलणें टाकलें. दोहोंपैकीं कशाचाही त्यांना उपयोग झाला नाहीं, असें तेच एके दिवशीं आम्हांस म्हणाले. आपला दोष आहे व तो केवढा आहे, एवढें कोणीं सांगितलें असतें तर बरें झालें असतें. त्यांनीं पुनः कुत्रा पाळला नाहीं. मात्र हल्लीं आपली पुस्तकांची पिशवी ते शेजारच्या बाकावर न ठेवतां नेहमीं मागच्या बाकावर ठेवतात, आणि ती घेण्यासाठीं त्यांना रोज मागचें दार उघडावें लागतें. मागें आतां कोणी नसतें, हें त्यांनाही ठाऊक आहे. पराशरानें सांगितलेल्या चतुर्थांशाचा हिशेब आम्हांस करतां येणार नाहीं. पण तो फेडण्याची रीत कांहींशी अशीच असावी.